समेवर ढकलाढकली

सीडीवर स्केचपेननं फक्त ‘शिकारी’ एवढंच लिहिलं होतं, तेही देवनागरीत. त्यामुळं दोन दिवस मी ती लावलीच नाही. वाटलं, कुठल्यातरी जुन्या हिंदी पिक्चरची गाणी असतील, मित्राच्या वडिलांची सीडी चुकून माझ्याकडं आली असेल. तिसऱ्या दिवशी मित्रानं विचारलं, “ऐकलास काय?” मी म्हटलं, कुठली? तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. बँडचं नाव ‘एंटर शिकारी’. त्यातला ‘एंटर’ लिहायचा त्याला कंटाळा आला होता.

“ऐक बे. जड हाय एकदम. पण मधेच तुमच्या डॉल्बीसारखं वाजतंय, तेवढं सोसून घे.”

हे ‘तुमच्या डॉल्बीसारखं’ मला लागलं. का लागलं ते सांगायचं तर आधी घरचं सांगायला पाहिजे.

आमचं घर वडगावात, बेळगाव. आप्पांचा साउंडचा धंदा. मी लहान असताना दोन भोंगे, एक आहुजाचा अँप्लिफायर आणि दोन माइक, एवढ्यावर बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं निभायचं. पुढं मंडळांची मागणी बदलली आणि आप्पांनी कर्ज काढून खालच्या जाड आवाजाचे बेस बॉक्स घेतले, वरच्या बारीक आवाजाचे टॉप घेतले. आमच्याकडं, कोल्हापूरकडंही, स्पीकरच्या त्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बी नावाच्या कंपनीचा त्या भिंतीशी काडीचा संबंध नाही, पण वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं ते. गणपतीत आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमचा डॉल्बी फिरायचा. कपिलेश्वरच्या तलावाकडं विसर्जनाची मिरवणूक निघाली की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मी ट्रॉलीवर, अँपच्या रॅकला पाठ टेकून.

आणि दिवसा मी मेटलवाला, म्हणजे जड गिटारींच्या कर्कश रॉकचा भक्त. डिप्लोमाला होतो. आम्ही चौघं-पाच जण टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ चहाच्या टपरीवर काळे टी-शर्ट घालून उभे राहायचो आणि जगातलं सगळं संगीत कसं भिकार आहे यावर चर्चा करायचो. त्या चर्चेत सगळ्यात खालच्या पायरीवर काय, तर डॉल्बीवर वाजणारं ढिंगटांग. कंप्युटरवर बनवलेलं, एकही माणूस ज्यात घाम गाळत नाही असलं. मी पण जोरजोरात मान हलवायचो. माझ्या शर्टाला आदल्या रात्रीचा जनरेटरच्या डिझेलचा वास येत असायचा, तरीसुद्धा.

तर साल 2007. मार्चच्या 17 तारखेला बेंगलोरला पॅलेस ग्राउंडवर आयर्न मेडन, मेटलचा मोठा इंग्रजी बँड, येणार होते. भारतात पहिल्यांदाच. ते पोस्टर आमच्या टपरीत चिकटवलेलं होतं आणि चौघांची राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढून झाली होती. पाचवा मी. त्या शनिवारी आप्पांकडं खानापूर तालुक्यातल्या एका गावात पारायणाच्या सप्ताहाची ऑर्डर होती आणि आमचा नेहमीचा माणूस आजारी. आप्पा काही बोलले नाहीत, नुसतं “बघ बाबा” म्हणाले. आप्पांचं “बघ बाबा” म्हणजे काय ते ज्याला त्याला आपापल्या घरात माहीत असतं.

म्हणजे मित्र ज्या रात्री मेडन बघत होते त्या रात्री मी एका देवळासमोरच्या मांडवात मृदंगाच्या माइकची उंची ठरवत होतो. शिट्टी येऊ नये म्हणून एक बटण सारखं थोडं मागं, थोडं पुढं. तोंड असं केलेलं, की कीर्तनकार बुवांनी मध्ये थांबून विचारलं, “पोराला जेवायला मिळालं काय रे?”

हे सगळं सांगायचं कारण, बरोब्बर दोन दिवसांनी, 19 मार्चला, तिकडं इंग्लंडात हा ‘शिकारी’चा पहिला अल्बम बाहेर आला. ‘टेक टू द स्काइज’. मला अर्थातच तेव्हा काही पत्ता नव्हता. बेंगलोरच्या त्या गर्दीत मित्राची ज्या पोराशी ओळख झाली, त्यानं पुढं काही महिन्यांनी ती सीडी जाळून पाठवली. जाळून म्हणजे बर्न करून, आम्ही तसंच म्हणायचो.

बँडची गोष्ट मला नंतर कळली आणि ती मला संगीताइतकीच आवडते. सेंट ऑल्बन्स हे लंडनच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं गाव. तिथली चार पोरं. राउ रेनॉल्ड्स गातो, ओरडतो आणि सिंथ (विजेवर सूर तयार करणारं कीबोर्ड) आणि कंप्युटरची बाजू सांभाळतो, रोरी क्लुलो गिटार, ख्रिस बॅटन बेस, रॉब रॉल्फ ड्रम. कुठल्याही कंपनीशी करार नसताना यांनी 2006 च्या नोव्हेंबरात लंडनचं अॅस्टोरिया थिएटर फुल्ल केलं. गावोगाव वाजवत फिरायचं, गाणी मायस्पेस नावाच्या वेबसाइटवर टाकायची, लोकांनी एकमेकांना ऐकवायची, बस. मग अल्बम काढायची वेळ आली तेव्हा स्वतःचंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं, अँबुश रिअॅलिटी. आणि अल्बम ब्रिटनच्या यादीत थेट चौथ्या नंबरवर. आमच्या गल्लीतल्या मंडळानं बाहेरचा एक रुपया न घेता नुसत्या वर्गणीवर मोठ्या मंडळाच्या तोडीचा देखावा उभा करावा, तसं काहीसं. (ते अॅस्टोरिया पुढं 2009 मध्ये रेल्वेच्या कामासाठी पाडलं. नकाशात बघायला गेलो तर नाहीच.)

शिकारी हा शब्द आपलाच. एंटर शिकारी म्हणजे नाटकाच्या संहितेत कंसात लिहितात तसं, शिकारी प्रवेश करतो. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळं ‘प्रवेश’ म्हटला की बेळगावच्या माणसाला आधी नांदी आठवते. गंमत म्हणजे या अल्बमला नांदी आहे. पहिला ट्रॅक म्हणजे गाणं नाहीच. एक-दोन वाक्यं घोळवत घोळवत वातावरण तयार करतात आणि मग पडदा उघडतो. सगळे मिळून 17 ट्रॅक, त्यातले काही असेच बिननावाचे छोटे तुकडे, दोन प्रवेशांच्या मध्ये सेट बदलताना पेटीवाला काहीतरी वाजवत राहतो तसे. पुढं मी हे सगळं मोबाइलवर घेतलं तेव्हा फाइली नावाच्या क्रमानं लागल्या आणि ते सगळे तुकडे एकापाठोपाठ एक वाजले. पाच मिनिटं नुसता सेटच बदलतोय. अल्बम क्रमानंच ऐकायचा असतो हे मी तेव्हा शिकलो.

आता पहिल्यांदा ऐकलं तेव्हाचं.

घरी ऐकायची सोय नव्हती, आई झोपलेली. गोडाऊनमध्ये गेलो. दुपारची वेळ, आप्पा खडेबाजारात वायर आणायला. एक अँप, दोन टॉप, एक बेस बॉक्स जोडला. नांदी संपली, आणि जे सुरू झालं ते ऐकून मी दार लावून घेतलं. भीतीनं नाही, लाजेनं. कारण ते खरंच डॉल्बीसारखं वाजत होतं. ट्रान्सचे, म्हणजे क्लबात नाचायला कंप्युटरवर बनवतात त्या संगीताचे, ते चकाकणारे सूर, एकाच स्वरसमूहाची एक-एक पायरी भराभर चढणारे-उतरणारे, ज्याला आर्पेजियो म्हणतात. आमच्याकडच्या रीमिक्सवाल्यांच्या प्रत्येक गाण्यात हेच असायचं. आणि त्याच्यावर जाड, खालच्या पट्टीत उतरवलेल्या गिटारी, तळहाताची कड तारांवर टेकवून दाबून वाजवलेल्या. आणि माणूस जीव खाऊन ओरडतोय. मग अचानक तोच माणूस सुरात गातो. मग सगळे मिळून गातात, क्रिकेट मॅचला गातात तसं.

मेटल आणि यंत्र एकत्र आणणारे हे पहिले नव्हेत. नाइन इंच नेल्स, फिअर फॅक्टरी या बँडांनी ते कधीच केलं होतं, प्रॉडिजी या डान्स संगीतवाल्या बँडनं उलट्या बाजूनं गिटार आत ओढली होती. पण त्या सगळ्यांकडं यंत्र म्हणजे थंड, काळं, कारखान्यासारखं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळीला गेल्यासारखं. शिकारीनं उचललं ते ट्रान्स, म्हणजे सगळ्यात आनंदी, सगळ्यात चकचकीत, टपरीवरच्या मंडळींच्या हिशेबात सगळ्यात हलकं. कोणी शहाणा मेटलवाला ज्याला हात लावणार नाही नेमकं ते. आणि लपवलं पण नाही. जोड दिसतो. गिटार थांबते, सिंथ सुरू होतो, सिंथ थांबतो, गिटार सुरू होते. (इथं सीमाभागाची, मराठी-कानडीची उपमा द्यायचा मोह होतोय. आमच्यावर लिहिणारा प्रत्येकजण ती देतो. मी देत नाही.)

तर मी आवाज वाढवला. आणि माझ्या धंद्यातल्या कानाला एक गोष्ट खटकली : खाली बेस नाही. टॉप किंचाळतायत आणि अठरा इंची बेस बॉक्स निवांत. आमचा क्रॉसओव्हर शंभर हर्ट्झच्या आसपास लावलेला, म्हणजे त्याच्या खालचं सगळं त्या डब्याकडं जायचं, पण त्याच्या वाट्याला फारसं काही येतच नव्हतं. मला अजूनही हा अल्बम खालून पातळ वाटतो. गिटार आणि बेसड्रम एकाच खोलीत भांडतायत आणि तळघर रिकामं. मी काय केलं, इक्वलायझरवर साठ हर्ट्झची पट्टी पूर्ण वर. तरी मन भरेना म्हणून अँप पण वर. लाल दिवा लागायला लागला. मिरवणुकीत लागायचाच, म्हणून दुर्लक्ष केलं.

‘सॉरी, यू आर नॉट अ विनर’ लागलं आणि निम्म्यात जळक्या वार्निशचा वास आला.

हा वास साउंडवाल्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला कुकरच्या शिट्टीसारखा ओळखता येतो. कॉइल गेली. स्पीकरच्या मध्यभागी चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेचं जे वेटोळं असतं ते. अँपला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त मागितलं की लाटेचा माथा कापला जातो, लाट सपाट होते, आणि मग त्या वेटोळ्याला दम घ्यायला वेळच मिळत नाही, नुसतं तापत राहतं. साध्या गाण्यात ठोका पडतो आणि मध्ये विश्रांती असते. इथं विश्रांती कुठली? डिस्टॉर्शनची गिटार म्हणजे मुळातच मुद्दाम कापलेली लाट. तिचा तो करकरीत जाडपणा त्या कापण्यातूनच येतो. कापलेल्या गिटारवर मी अँपनं पुन्हा कापत होतो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आप्पांनी नंतर सांगितलं, त्यांच्या भाषेत : “लाल दिवा काय शोभेला दिलाय व्हय?”

ते आले तेव्हा मी डब्यातून स्पीकरचा नुसता कोन काढून बसलो होतो, सीडी अजून फिरतच होती, टॉपवर चालू. मला वाटलं आता बसतीय. पण आप्पा चपला काढून पत्र्याच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “काय लावलायस गा हे? कुणाला मारूलेत काय?”

मी बंद करायला गेलो. “ऱ्हाऊ दे. आता जळायचं ते जळलंच की. परत लाव मगाचं, टाळ्यांचं.”

ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. त्या गाण्यात सगळं वाद्यकाम क्षणभर तुटतं आणि तीन टाळ्या येतात, टाळ्या म्हणजे हाताच्या. बँड कुठंही वाजवायला गेला की समोरची अख्खी गर्दी त्या तीन टाळ्या वाजवते. गाणं आहे स्क्रॅच कार्डाच्या नादावर, खरवडायचं आणि आत ‘माफ करा, तुम्ही जिंकला नाहीत’. आप्पांना अर्थ सांगितला तर ते खूश झाले, कारण त्याच साली कर्नाटकात लॉटरी बंद झाली होती आणि आमच्या गल्लीतले एक काका मोटरसायकल काढून हद्दीपलीकडं शिनोळीला तिकिटं घ्यायला जायचे. “हे गाणं त्याला ऐकव,” म्हणाले.

पण त्यांना अर्थाशी देणंघेणं नव्हतं. आप्पा भजनात मृदंग वाजवायचे. टॉपवर तीन-चार वेळा ते गाणं ऐकून मांडीवर मोजत बसले. पहिल्यांदा टाळी चुकली. दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर तीन टाळ्या वाजवून माझ्याकडं बघितलं, लहान पोरानं बघावं तसं. मग ब्रेकडाऊन आला. ब्रेकडाऊन म्हणजे मेटलकोरचा, मेटल आणि हार्डकोर पंकच्या मिश्रणाचा, जीव : लय एकदम निम्म्यावर येते, गिटार आणि बेसड्रम एकाच वेळी, एकाच जागी आदळतात, मध्ये मोकळ्या जागा. समोरचे लोक याची वाट बघत असतात आणि तो आला की एकमेकांना ढकलायला लागतात.

आप्पा म्हणाले, “ही सम.”

मी म्हटलं, आप्पा, ह्यात सम-बिम काही नसते.

“नसंना. ते मघापासून वाढवत वाढवत न्हेत होते ते कशासाठी? बुवा गजर चढवत न्हेतात, लय वाढवतात, मृदंग सोडून देतो, नुसते टाळ ऱ्हातात, आणि मग धाडकन्. सगळे एका जागी. हे तेच की.”

मी गप्प बसलो, कारण तोवर मला ते दिसलं नव्हतं. ट्रान्समध्ये नेमकं तेच करतात. ड्रम काढून घेतात, सूर चढवत नेतात, ऐकणाऱ्याचा श्वास अडकवून ठेवतात आणि मग ठोका सोडतात. मेटलकोरमध्ये ब्रेकडाऊनआधी सगळं थांबवतात आणि मग आदळतात. दोघांची युक्ती एकच, रोखून धरायचं आणि सोडायचं. शिकारीच्या पोरांनी एवढंच केलं की चढण ट्रान्सची घेतली आणि उतरण्याची जागा मेटलकोरची. म्हणून तो जोड दिसत असूनही निसटत नाही. टपरीवर दोन वर्षं आम्ही ज्या दोन गोष्टींना एकमेकांचे शत्रू समजत होतो त्या एकाच गावाला जाणाऱ्या दोन बस होत्या. हे मला एका इंग्रजी बँडनं ऐकवलं आणि सातवी पास आप्पांनी समजावलं, जळक्या कॉइलच्या वासात.

पुढं मी आप्पांना मोबाइलवर शिकारीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “आमच्यात समेवर आलं की माना डोलवतात, ह्यांच्यात समेवर ढकलाढकली. एवढाच फरक.”

अल्बम सगळाच चांगला आहे असं मी म्हणणार नाही. मध्ये तीन-चार गाणी एकाच साच्यातली वाटतात आणि राउचं ओरडणं काही जागी नुसतंच ओरडणं आहे. पुढच्या अल्बमांत त्यानं गळ्यावर बरीच मेहनत घेतलेली ऐकू येते. ‘मदरशिप’ मला अजून पूर्ण चढतं. ‘अड्यू’ या शांत गाण्यावर माझा एक मित्र प्रेमभंगात दोन महिने काढायचा, त्यामुळं मला ते आता ऐकवत नाही, चूक गाण्याची नाही. आणि शेवटचं ‘ओके, टाइम फॉर प्लॅन बी’ मी प्रत्येक परीक्षेच्या आधी ऐकायचो. उपयोग किती झाला ते विचारू नका, आज मी साउंडचाच धंदा करतो.

कॉइल बांधून आणायला आठ दिवस गेले, पैसे माझ्या खिशातून. जळलेलं जुनं वेटोळं आप्पांनी गोडाऊनमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलं, लाल दिव्याच्या वरच्या बाजूला. अजून आहे. नवीन पोरगं कामाला आलं की आधी ते दाखवायचं.

आता नियम कडक झालेत. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दहानंतर बंद. 55 डेसिबल म्हणजे आमच्या आईचं शेजारणीशी बोलणं. मला काही तक्रार नाही, माझ्या डाव्या कानात गेली सहा वर्षं बारीक शिट्टी वाजतेय, ती दहानंतरही बंद होत नाही. मंडळंही हळूहळू ढोल-ताशाकडं, लेझीमकडं वळतायत. माझ्याकडं आता जास्त कामं हॉलमधली, भाषणं, गॅदरिंग, भजन स्पर्धा. सिस्टीम लावून झाली की तपासायला प्रत्येक साउंडवाल्याचं एक ठरलेलं गाणं असतं. माझं ते तीन टाळ्यांचं. टॉप किंचाळतात का ते त्यावर लगेच कळतं. बेससाठी दुसरं लावतो.

गेल्या गणपतीत आमच्याच गल्लीच्या मांडवात सकाळी ते लावलं होतं. आप्पा बाकड्यावर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर न काढता मांडीवर तीन टाळ्या मारल्या, जागच्या जागी. कार्यकर्ते पोरं नारळ सोलत होती. दुसऱ्या वेळेला त्यातल्या दोघांनी मारल्या, चुकीच्या. चौथ्या वेळेला सगळ्यांनी.

“कुठल्या डीजेचं हाय दादा हे?” एकानं विचारलं. सांगितलं. त्यानं नाव ऐकलं, मोबाइलवर टाइप केलं आणि म्हणाला, “ह्याच्यावर आपली आरती बसंल काय?”

आप्पांनी पेपर खाली केला. “लय निम्मी कर आधी,” ते म्हणाले, आणि मला म्हणाले, “लाव गा परत. सुरुवातीपासनं.”